कानाचा पहिला प्रश्न

१२ मार्च, बुधवार

सकाळी अस्मिताचा फोन. आमच्या वीज मंडळातल्या जोगांची ही मुलगी. लहानपणी आमच्या गच्चीवर चिंचोके खेळायला यायची, आता इथे इंदूरलाच विद्यापीठात प्राध्यापक झाली आहे. ‘काका, एक काम आहे’ असं ती म्हणाली की मला नाही म्हणता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

काम असं. तिच्याकडे ‘जगाचे प्रश्न’ नावाचा परिसंवाद वर्षभर चालतो. मुलं जगातल्या एखाद्या प्रश्नावर संशोधन करतात आणि एप्रिलच्या शेवटी शहरातल्या लोकांसमोर उभं राहून ते सांगतात. एका विषयावर भागत नाही, दोन विषय एकत्र आणावे लागतात. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक ‘कान’ मिळतो. कान म्हणजे शहरातला असा माणूस, ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याला कळेपर्यंत सगळं सांगायचं. मग सभेच्या दिवशी पहिला प्रश्न कानाचा. एकच. अट अशी की प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक नसावं.

“ही कसली अट?” मी विचारलं.

“काका, आपल्या इथे लोक सवाल थोडीच विचारतात! भाषण देतात आणि शेवटी ‘है ना?’ लावतात. म्हणून.”

हो म्हटलं. उभा जन्म लोकांचे मीटर तपासण्यात गेला माझा. एक प्रश्न काढणं म्हणजे हातचा मळ.

जेवणानंतर लेकीचा, संहिताचा, बंगळुरूहून फोन. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. जेवलो, घेतल्या. बरं, ठेवतो म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

माझ्या वाट्याची मुलगी आली. दीक्षा नाव, जवळच्याच महूची. आजोबा फौजेत होते, वडील पोस्टात. पर्यावरणशास्त्र शिकते. चपला काढता काढताच बोलायला लागली, आणि पाणी पितानाही थांबली नाही.

“काकाजी, मतलब बघा, दिवसाची गरमी तर सगळ्यांना दिसते. पण रात्रीची गरमी जास्त जोरात वाढून राहिली आहे, पूऱ्या दुनियेत. शरीराला रात्री आराम नाही भेटला तर माणूस सकाळी उठतो तोच थकलेला. म्हातारे लोक तर मरतात. माझा विषय तोच, शहरांच्या गरम रात्री.”

“दुनियेचं मला माहीत नाही,” मी म्हटलं, “पण माळव्यात तसलं काही नाही. माळव्याची रात्र म्हणजे रात्र. मे महिन्यात पहाटे गोधडी लागते इथे.”

“शेवटची केव्हा लागली होती, काकाजी?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. हल्लीच्या मुलांना वडीलधाऱ्यांशी बोलायचं कसं ते कोणी शिकवत नाही.

मग मुद्द्यावर आली. तिला जुनी गच्ची हवी आहे, पारा मोजायला. तापमान आपोआप नोंदवणारी एक डबी वर लावायची, एक खाली खोलीत. मी म्हटलं, गच्चीची चावी सापडत नाही. चावी देवघराशेजारच्या खिळ्याला आहे, पण उगाच कोणी वर जाऊन पसारा करायला नको. शिवाय माझे गुडघे. संहिताची आई, शारदा, गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, मी वर गेलेलोच नाही. जिना चढवत नाही.

संध्याकाळी पायी राजवाड्यापर्यंत जाऊन आलो. लवंगेची शेव आणली.

१९ मार्च, रंगपंचमी

गेरची रंगीत मिरवणूक बघायला अख्खं इंदूर लोटलं होतं. मी दार लावून बसलो. दुपारी शेजारचा देवेंद्र आला, हिरवा-जांभळा, फक्त दात पांढरे. ठेकेदार माणूस, सणाच्या दिवशीही त्याला काम सुचतं.

“अंकलजी, छत आपकी खाली पड़ी है. पतरे के दो कमरे डाल देते हैं, कोचिंग के लड़के आ जाएँगे. आपको भी रौनक रहेगी.”

गेल्या वर्षीही त्याने विचारलं होतं, तेव्हा मी बघू म्हटलं होतं. या वेळी हो म्हणून टाकलं. आमच्या स्नेहलतागंजात आता कोणाची गच्ची मोकळी राहिली आहे? सगळीकडे टाक्या, नाहीतर पत्रे. आणि जी जागा वापरायची नाही, ती कशासाठी अडवून ठेवायची? सभा झाली की काम सुरू करू, असं त्याला सांगितलं.

संहिताला कळवलं. ती म्हणाली, “आई असती तर...” आणि थांबली. मग म्हणाली, “तुम्हाला ठीक वाटतं ना, बाबा? मग करा.” ठीक वाटतं म्हटलं. बरं, ठेवतो.

२६ मार्च, बुधवार

प्रश्न काढायला बसलो. सिमेंटच्या स्लॅबमध्ये उष्णता किती वेळ टिकते? हे मला ठाऊक आहे. रात्री विजेची मागणी का वाढते? हे तर मी झोपेतही सांगेन. सरकारने काय करावं? हा प्रश्न नव्हेच, हे माझं भाषण.

अस्मिताला फोन करून सांगितलं, की बाई, मला उत्तर ठाऊक नाही असा प्रश्नच सापडत नाही. ती खूप हसली. “काका, राहू द्या अजून थोडे दिवस,” म्हणाली. यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी खालच्या खिडकीला बांधली. शारदा वर गच्चीच्या कठड्याला बांधायची, लांबून स्टेशनवरूनही दिसायची. खिडकीतली गुढी जरा आखडून उभी राहिल्यासारखी वाटते.

दीक्षा आली ती श्रीखंडाचा डबा घेऊन. तिच्या आईने पाठवला होता. मला उगाच भरून आलं आणि मी ते खोकल्यावर नेलं.

मग पुन्हा तेच सुरू. जगातल्या शहरांची नावं, रात्रीचे आकडे. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “हे बघ पोरी, आमच्या घरी कूलर आला तेव्हा संहिता कॉलेजात होती. खाली कूलर असूनसुद्धा माझी बायको शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत गच्चीवर झोपली, आणि मला घेऊन झोपली. का? तर वर गार वाटतं म्हणून. तुझ्या डब्या लाव वर आणि खाली. दूध का दूध आणि पानी का पानी होऊन जाऊ दे.”

आणि खिळ्यावरची चावी काढून तिच्या हातात ठेवली.

“सापडली?” एवढंच म्हणाली. लबाड आहे.

एकटीच वर गेली. बराच वेळ आली नाही. खाली येऊन हात धुताना म्हणाली, “काकाजी, वर दोन खाटा आहेत, भिंतीला उभ्या. त्यांच्यावर चादर टाकून सुतळीने बांधली आहे. किती नीट बांधली! कोणी?”

“तिने. पाऊस यायच्या आधी दर वर्षी बांधायची,” मी म्हटलं.

“मी सोडली नाही,” दीक्षा म्हणाली. बरं केलंस म्हटलं.

९ एप्रिल, बुधवार

हरलो. वरचा पारा खालच्या खोलीपेक्षा जास्त. संध्याकाळी जास्त, निजानीज झाली तरी जास्त. मी मीटरवाला माणूस, असा थोडाच ऐकणार? दोन्ही डब्यांची अदलाबदल करायला लावली. वरची खाली, खालची वर. उत्तर तेच.

दीक्षाने कागदावर चित्र काढून समजावलं. चारी बाजूंना चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, वारा अडला, आणि त्या सगळ्यांच्या एसीची तोंडं आमच्या गच्चीकडे. “तुमची गच्ची आता विहीर झाली आहे, काकाजी. गरम हवेची.” मग पेन्सिल चावत म्हणाली, “ह्या बिल्डिंगा तर बऱ्याच वर्षांपासून आहेत ना? मतलब, तेव्हापासून असंच असणार.”

असणार.

मीटर खोटं बोलत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. लोक माझ्याशी भांडायचे. आज मला कोणाशी भांडावं ते कळेना. चहा न देताच तिला वाटेला लावलं, आणि ती गेल्यावर वाईट वाटलं.

१३ एप्रिल, रविवार

दीक्षा दोन-तीन दिवस येणार नाही. उद्या जयंती, महूला माणसांचा समुद्र असतो आणि तिच्या घरी नागपूरचे पाहुणे उतरले आहेत.

तेव्हा आज घरात मी, कूलर आणि टीव्ही. डोक्यात मात्र गच्ची.

काय दिवस होते! सूर्य खाली गेला की शारदा बादल्या भरायला लागायची. तापलेल्या गच्चीवर पहिली बादली पडली की चर्र व्हायचं आणि ओल्या चुन्याचा वास थेट खालच्या अंगणापर्यंत यायचा. मग सुरई भरून कोपऱ्यात, गाद्या खाटांवर, रेडिओ उशाशी. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर माणसं. या गच्चीवरून त्या गच्चीवर लोणच्याची वाटी जायची आणि बातमीसुद्धा. स्टेशनवरच्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकून शारदा सांगायची, ही खांडव्याची, ही उज्जैनची. मी कधी पडताळून पाहिलं नाही. संहिताचं नाव आम्ही तिथेच ठरवलं, आधी भांडलो आणि मग ठरवलं. माझी महेश्वरला बदली झाली तेव्हा राजीनामा देऊ का, हेही मी तिला तिथेच विचारलं होतं. पहाटे खरंच गोधडी लागायची. ती उठून माझ्यावर घालायची, मी जागा असायचो, पण झोपल्याचं सोंग करायचो.

हे सगळं आठवून बरं वाटतं आणि लगेच संताप येतो. कारण ते शेवटचे काही उन्हाळेही मला आठवतात. वारा नाही, पान हलत नाही. ती जुन्या मासिकाने वारा घेते आहे, मानेवरून घाम ओघळतो आहे. मी म्हणतो, खाली चल, कूलर आहे. ती म्हणते, “थांबा हो, वर गार वाटतं.” मी बिचारा, तिला गार वाटतं म्हणून घामाघूम होत पडून राहायचो. बोलत राहायचो काहीबाही, झोप येत नसे म्हणून.

आणि आता ही पोरगी आकडे दाखवते, की गार नव्हतंच. तिला कळत नव्हतं का? अंगाला कळतं की. मग खोटं का बोलली माझ्याशी? इतकी वर्षं? मला फसवून तिला काय मिळालं?

संहिताचा फोन आला. हे काही तिला सांगितलं नाही. बरं, ठेवतो म्हटलं.

२० एप्रिल, रविवार

दीक्षाने उभं राहून सगळं भाषण म्हणून दाखवलं. आकड्यांचा भाग फर्मास. दुसरा भाग मात्र ढिसाळ. दुसरा विषय म्हणून तिने समाजशास्त्र घेतलं आहे. जुन्या इंदुरातल्या, महूतल्या, सांवेरकडच्या घरांमध्ये जाऊन लोकांना विचारलं, की तुम्ही गच्चीवर, अंगणात झोपायचात, तेव्हा काय करायचात? लोकांनी काय वाट्टेल ते सांगितलं आहे. कोणी तिथे सुनेशी पहिल्यांदा नीट बोललं, कोणी भावाशी अबोला सोडला, कोणी फक्त भुतांच्या गोष्टी सांगितल्या.

“या गप्पा काढून टाक,” मी म्हटलं. “मोजता येतं तेवढंच ठेव.”

“नाही काढणार, काकाजी. गच्ची गेली तर डिग्री किती वाढली ते डबी सांगेल. पण घरातून काय गेलं ते कोण सांगणार?”

कानामागून आली आणि तिखट झाली.

गल्लीत देवेंद्रचे लोखंडी अँगल येऊन पडले आहेत. जाताना दीक्षाला त्यांची ठेच लागली. कसले म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, सभेनंतरच्या सोमवारपासून वर खोल्या बांधायला घेणार, खाटा भंगारात जातील. तिने नुसती मान हलवली आणि बस पकडायला गेली. ही मुलगी गप्प राहिली की मला आवडत नाही.

प्रश्न अजून सापडलेला नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सभा झाली. जसं झालं तसं लिहितो, उद्या डोक्यात वेगळंच काहीतरी शिल्लक राहील.

सभागृह भरलेलं. रिक्षावाले, बँकवाले, गृहिणी, कॉलेजची पोरं. आम्हा कानांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, नवरदेवासारखं फूल लावून. एका मुलाने समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकबद्दल सांगितलं, एकीने देश सोडून पळणाऱ्या माणसांबद्दल. त्यांच्या कानांनी प्रश्न विचारले. बरे होते. मी खिशात तीन प्रश्न लिहून नेले होते आणि तिन्हींची उत्तरं मला ठाऊक होती. अस्मिताला ते कळणार नाही, असा माझा हिशेब.

दीक्षाची पाळी आली. सुरुवातीला आवाज कापला, मग सापडला. जग झालं, भारत झाला आणि पडद्यावर आमच्या गच्चीचा आलेख आला. ‘स्नेहलतागंजातलं एक घर’ एवढंच लिहिलं होतं. वरची लाल रेघ खालच्या निळ्या रेघेच्या वर. मग तिने त्या गप्पा वाचून दाखवल्या. सभागृहात लोक हसले, मग चिडीचूप झाले. माझ्या बाजूची बाई रुमाल शोधायला लागली.

“पहिला प्रश्न कानाचा,” अस्मिता म्हणाली.

मी उभा राहिलो. खिशातला कागद काढला. आणि वाचेना माझ्याने. ती लाल रेघ समोर अजून तशीच होती.

मी म्हटलं, “ते घर माझं आहे. ही बाई, म्हणजे माझी बायको, तिथे गार नव्हतं तरी वर्षानुवर्षं मला वर घेऊन जायची. खाली कूलर होता, मीच बसवला होता. विचारलं की म्हणायची, वर गार वाटतं. तुझी लाल रेघ म्हणते की गार नव्हतं. मग ती का जायची? हे मला खरंच माहीत नाही.”

शारदाची मला फार आठवण आली, एवढ्या लोकांत.

दीक्षाने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग माइक बाजूला करून, घरी बोलते तशी म्हणाली, “काकाजी, याचं उत्तर माझ्या डबीत नाही. पण एक विचारू? खाली तुम्ही दोघं काय बोलायचात?”

खाली? मी आठवून पाहिलं. “खाली काय बोलणार? कूलरचा आवाज केवढा मोठा! आणि मी बातम्या बघायचो,” मी म्हटलं.

लोक हसले. मलाही हसू आलं. पण दीक्षा हसली नाही आणि अस्मिता चष्मा काढून पुसत बसली होती. सगळे इतका वेळ टाळ्या का वाजवत होते ते मला कळलं नाही. दीक्षाने आलेख चांगले केले होते हे खरं.

बाहेर तिच्या आईवडिलांनी मला नमस्कार केला. वडील म्हणाले, “घरी पण ती तुमच्याच गोष्टी सांगते.” मी म्हटलं, हुशार आहे, थोडी उद्धट आहे. ते म्हणाले, “आजोबांवर गेली आहे.”

२७ एप्रिल, रविवार

सकाळी देवेंद्र टेप घेऊन माप घ्यायला आला. मी त्याला जिन्यातच अडवलं आणि म्हटलं, राहू दे, नको.

“क्यों अंकलजी, क्या हो गया?”

मला धड कारण सांगता येईना. म्हटलं, वर पारा मोजायची डबी आहे, पुढच्या वर्षीही लागणार आहे.

“एक डिबिया के लिए पूरी छत?” तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “कमाल करते हो आप भी,” आणि अँगल उचलायला माणसं बोलवायला गेला. चांगला माणूस आहे, वाईट वाटून घेतलं नसावं.

ऊन उतरल्यावर चावी घेतली आणि वर गेलो. गुडघे काही म्हणाले नाहीत.

सुतळीच्या गाठी सुटता सुटेनात. शारदाची गाठ, ती काय सहज सुटणार! कापायला मन होईना. नखांनी, दातांनी शेवटी सोडवली. एक खाट आडवी केली. एकच खाट बघवेना म्हणून दुसरीही टाकली. तिच्या विणीची नवार ढिली झाली आहे, ओढून घ्यायला हवी. खालून एक बादली आणून ओतली. चर्र झालं, पण वास पूर्वीचा नव्हता. आता पायाखाली चुना नाही, टाइल्स आहेत. मला विसरच पडला होता.

चारी बाजूंनी एसी घोंघावत होते. खाटेवर बसलो आणि संहिताला फोन लावला, सभेचं सांगायला. सभेचं सांगितलं, दीक्षाचं सांगितलं. मग दीक्षा कशी उलट बोलते ते सांगितलं, त्यावरून तूही लहानपणी अशीच होतीस हे निघालं. मग तिचं नाव ठेवताना आम्ही कसे भांडलो ते निघालं. मला वैजयंती ठेवायचं होतं. हे तिला माहीतच नव्हतं! हसत सुटली. मग महेश्वरची बदली, मग खांडव्याची गाडी. बोलता बोलता अंधार कधी पडला कळलं नाही.

मध्येच ती म्हणाली, “बाबा, तुम्ही गच्चीवर आहात का?”

“तुला कसं कळलं?”

“आई म्हणायची, बाबांना बोलतं करायचं असलं तर गच्चीवर न्यावं लागतं. खाली ते नुसते ‘बरं’ म्हणतात.”

बंगळुरूत तिच्या खिडकीबाहेर कोणाची तरी गाडी वाजत होती, ती मी ऐकत राहिलो.

मग मीच म्हटलं, “संहिता, ऐकतेस ना? अजून एक गंमत सांगायची राहिली.” आणि तिला गोधडीचं सांगितलं, मी जागा असायचो ते.

शेवटी ‘बरं, ठेवते’ तिलाच म्हणावं लागलं. तिला सकाळी ऑफिस आहे.

वर भयंकर उकडत होतं. उद्या दिवेलागणीच्या आधी दोन बादल्या जास्त ओतायला हव्यात, आणि नवार ओढायला दीक्षाला बोलवायला हवं.